बाकाची डावी बाजू

प्रिय वन्सं,

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "वहिनी, मी दोन महिने येऊन दुकानात काम केलं तर तुला चालेल ना?" आणि मी "गॅसवर दूध ठेवलंय" म्हणून फोन ठेवून दिला. गॅसवर दूध नव्हतं. मुळात मी घरातच नव्हते. दुकानात गल्ल्यावर बसले होते आणि मागून लोखंड घासणाऱ्या ग्राइंडरचा आवाज तुम्हालाही ऐकू आला असणार. तरी तुम्ही "बघ हं, उतू जाईल" म्हणालात. तुमच्या या समजूतदारपणाचा मला फार राग येतो. समोरची बाई भांडायला उभी राहिली तर आपल्यालाही कंबर कसता येते, ती आपल्या नसलेल्या दुधाची काळजी करायला लागली तर काय करायचं? म्हणून पत्र लिहायला बसले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे, पण ते शेवटी येईल. आधी माझ्या पोटात काय काय दुखतं ते ऐकून घ्या, कारण इतक्या वर्षांत ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायचं ते तुमचे भाऊ आहेत आणि त्यांच्यापुढे तुमच्याबद्दल एक शब्द काढायची सोय नाही.

पहिलं म्हणजे, तुम्हाला बोलावलंय हे मला तुमच्याकडून कळलं. दुकानात एक पंखा घ्यायचा तरी हे मला विचारतात, तीन पात्यांचा की चार. आणि बहिणीला कामाच्या बाकाशी उभं करायचं तर मला विचारायची गरज वाटली नाही. संध्याकाळी मी विषय काढला. हे फडक्याने गाडीच्या शॉकअपचा दांडा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "छोटी आली की गाडं रुळावर येईल." छोटी! वन्सं, तुमची लेक नोकरीला लागली, तुम्हाला वाचायला चष्मा लागतो, आणि तरी या बाजारात तुम्ही छोटीच. मला या घरात येऊन अर्धं आयुष्य झालं. सासरे सूनबाई म्हणायचे, हे "अगं" म्हणतात, गिऱ्हाईक मॅडम म्हणतात. लाडाचं नाव एकानेही ठेवलं नाही. हसू नका, मला खरंच वाईट वाटतं.

मी पहिल्यांदा दुकान बघायला आले तो दिवस तुम्हाला आठवायचं कारण नाही, तुमच्यासाठी तो नेहमीचा दिवस होता. माझ्या माहेरी कापडाचा धंदा. माल नवा, घडी न मोडलेला, हात लावायच्या आधी हात धुवायचे. इथे बघते तर सगळं जुनं, तेलकट. लोकांच्या गाड्यांखालून काढून टाकलेले, धक्के झेलून झेलून दमलेले शॉकअप भंगारातून वेचून आणायचे, उघडायचे, आतलं काळं तेल ओतून द्यायचं, दांडा घासून आरशासारखा करायचा, सील नवं, तेल नवं, गॅस भरायचा, वरून काळा रंग, की चालले पुन्हा कुणाच्या तरी गाडीखाली. तेवढं मला पटलं. जुन्याचं नवं करणं काही वाईट नाही. मग तुम्ही दोघं बाकाशी उभे राहिलात, तुम्ही डावीकडे, हे उजवीकडे. दोघांच्या तळव्यांखाली एकेक शॉकअप, पूर्ण दाबलेला. सासरे कोपऱ्यातून म्हणाले, "सोड." तुम्ही दोघांनी हात काढले, दोन्ही दांडे सावकाश वर आले आणि वरच्या फळीखाली ठोकलेल्या पत्र्याला लागले. टण्. आवाज एकच आला. सासऱ्यांनी लगेच दोघांना तारेने एकत्र बांधलं आणि मला समजावलं, की एक आवाज आला तर जोडी, दोन आले तर त्यातला एक बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा, कारण गाडीच्या एका अंगाला चपळ आणि दुसऱ्या अंगाला सुस्त शॉकअप बसला तर गाडी खड्ड्यात गेली की डुलते आणि गिऱ्हाईक आपल्या नावाने शंख करतं. मी मान डोलावली. पण मला ते गिऱ्हाईक दिसत नव्हतं, मला तुम्ही दोघं दिसत होतात. एकमेकांकडे बघायचीसुद्धा गरज नव्हती तुम्हाला. मला वाटलं, आपण लग्न करून आलो खरे, पण इथली जागा तर भरलेली आहे.

पुढे तुमचं लग्न झालं, तुम्ही गेलात, डावी बाजू माझ्याकडे आली. आली म्हणजे काय, दुसरं कोणी नव्हतं म्हणून आली. तुमच्या उंचीला बाक उंच पडे म्हणून सासऱ्यांनी खाली एक लाकडी पाट ठोकला होता. मी तुमच्याहून हातभर उंच. त्या पाटावर उभी राहिले की डोकं फळीला लागतं, खाली उतरले की अंगठा पाटाला लागतो. किती वेळा म्हटलं, काढून टाका तो. हे म्हणतात, "राहू दे, छोटी आली की तिला लागेल." तुम्ही वर्षातून एकदा चार दिवस येता! उरलेलं वर्षभर तो पाट माझ्या अंगठ्याला लागतो. दारामागच्या खुंटीवर तुमचा निळा अंगरखा टांगलेला असतो. तुम्ही आल्या आल्या तो चढवता, तेलात माखवता आणि जाता. धुऊन पुन्हा टांगते कोण? मी. इस्त्रीसुद्धा करते, कारण चुरगळलेला राहिला तर हे काही बोलणार नाहीत, फक्त त्याच्याकडे बघतील.

आणि ती फोनची तऱ्हा. तुमचा फोन आला की हे उठून बाहेर जातात, रस्त्यावर येरझाऱ्या घालत बोलतात आणि मोठमोठ्याने हसतात. काचेतून मला दिसतं. माझ्याशी बोलतात ते लाइट बिल भरलं का आणि सीलचा डबा कुठे ठेवलास. टॅक्सीवाले जाडे काका तर आपले जन्माचे गिऱ्हाईक. ते अजून आत पाय टाकताना विचारतात, "छोटी काय म्हणते?" मी काउंटरवर समोर उभी असते, माझी चौकशी करायचं त्यांच्या मनातही येत नाही. एकदा तुम्ही ह्यांना म्हणालात, "दादा, वहिनीचा हात आता बसलाय हं." मी आत चहा करत होते, मला ऐकू आलं. नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, ह्या कोण मला सर्टिफिकेट देणाऱ्या? पण खरं सांगू, ते वाक्य मी पुढे कित्येक दिवस मनातल्या मनात घोळवत होते. तुम्ही चांगलं बोललात म्हणून आनंद झाला आणि आनंद झाला म्हणून आणखी राग आला.

तुमच्यासारखा हात नसेल माझा, पण मी काही नुसती उभी नव्हते हो. मी आले तेव्हा सगळा माल एका ढिगात होता. गिऱ्हाईक आलं की तुमचे बंधुराज ढिगात शिरायचे आणि अर्ध्या तासाने वेगळ्याच गाडीचा लिंक रॉड घेऊन बाहेर यायचे. कापडाच्या दुकानातली मुलगी मी, मी गाडीगणिक रॅक लावले, पुढचे-मागचे वेगळे केले, रबरी बुश आकाराप्रमाणे बरण्यांत भरले. "सूनबाई आली तेव्हा मला कळलं की दुकानाला फरशी आहे," असं सासरे चारचौघांत म्हणायचे. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची पद्धतही माझीच, की बाबा हा नवा नाही, जुना आहे, आम्ही नीट केलाय, सहा महिने काही झालं तर परत आण. आधी हे म्हणायचे, असं सांगितल्यावर कोण घेणार? आता लोक त्यासाठीच येतात. पण दुकानाचं कौतुक निघालं की ते निघतं हाताचं. "छोटीचा हात म्हणजे तराजू," हे म्हणतात. मग माझा हात म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तुझा पण चांगला आहे." ते "पण" मला अजून बोचतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गेल्या वर्षभरात माल परत यायला लागला. आधी एखादा, मग बरेच. प्रत्येकाची तक्रार तीच, गाडी डुलते. हे शॉकअप उघडून बघायचे, आत सगळं ठीक. सील कोरडं, तेल भरलेलं, दांडा गुळगुळीत. मग दोष कुठे? जोडी लावण्यात. आणि जोडी लावणार कोण कोण? हे आणि मी. त्यातून हे वजा केले की राहिलं कोण ते तुम्हीच सांगा. "तू घाई करतेस," हे म्हणायला लागले. "मी 'सोड' म्हणायच्या आधीच तुझा हात सुटतो." आधी गमतीत, मग चिडून, मग गिऱ्हाइकांसमोर. जाडे काकांची टॅक्सी दुसऱ्यांदा परत आली तेव्हा ते माझ्याकडे बघून हळहळले, "छोटी होती तोवर असं कधी झालं नाही." ह्यांनी मान डोलावली. वन्सं, ती डोलावलेली मान मी विसरणार नाही. त्यानंतरच कधीतरी ह्यांनी तुम्हाला फोन केला असावा.

काका हळहळले त्याच दिवशी दुपारी हे भंगार बघायला बाहेर गेले होते आणि मी पेटले होते. शेजारच्या लेथवाल्याला हाक मारली. तो आपले दांडे घासून देतो, त्याच्या हाताला वजनाची सवय आहे. म्हटलं, भाऊ, जरा माझ्याबरोबर दाबा. जाडे काकांची परत आलेली जोडी लावली. दोन आवाज. शॉकअपांची अदलाबदल केली, माझा त्याच्याकडे, त्याचा माझ्याकडे. पुन्हा दोन आवाज, आणि पहिला येणारा शॉकअप तोच. म्हणजे ती जोडी मुळातच चुकीची बांधलेली होती. मग रॅकवरचे सुटे घेऊन आम्ही दोघांनी नव्याने जोड्या लावल्या. अदलाबदल करूनही एकच आवाज, टण्, टण्, टण्. लेथवाला म्हणाला, "वहिनी, तुमचा हात तर घड्याळ आहे." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, आत्ताच्या आत्ता तुम्हाला फोन लावावा आणि सांगावं, एकदा तुमचा तराजू घेऊन या आणि माझंही माप बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला? हे परत आले तेव्हा मी त्याच जोड्या बाकावर मांडून तयार होते. काही न सांगता म्हटलं, "चला, दाबू या."

दोन आवाज. माझा आधी, ह्यांचा मागून. "बघ, केलीस घाई," हे म्हणाले. मी शॉकअप बदलले, ह्यांचा मी घेतला, माझा ह्यांना दिला. तरी माझाच आधी. दुसरी जोडी, तिसरी जोडी, प्रत्येक वेळी माझाच आधी. म्हणजे खोट मालात नव्हती, आणि लेथवाल्याबरोबर जो हात घड्याळासारखा चालला तो माझाच होता. मी खरी ठरले होते, वन्सं! इतकी वर्षं ज्यासाठी जळफळत होते ते माझ्या पदरात पडलं होतं. आता नुसतं तोंड उघडून सांगायचं बाकी होतं. आणि सांगायच्या आधी, कसं तोंड होतंय बघू तरी, म्हणून मी पुढच्या वेळी पत्र्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघितलं. नजर चेहऱ्यावर जायच्या आधी हातावर गेली. "सोड" म्हणाले तेच, पण त्यांचा उजवा हात सुटला नाही. बोटं एकामागून एक उठली. आधी पहिलं, मग मधली दोन, आणि करंगळी तर दांडा वर आला तेव्हा त्याच्याबरोबर ढकलली जाऊन उठली. त्यांना ते कळलंही नाही. ते पत्र्याकडे कान लावून उभे होते. माझ्या मनातला सगळा विजय तिथल्या तिथे विझला.

मग एकेक दिसायला लागलं. म्हणजे दिसत आधीपासून होतं, मी तुमच्या नावाने बोटं मोडण्यात गुंतले होते. चहाचा कप हे आता डाव्या हाताने उचलतात. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी ठेवतात, म्हणतात उकडतं. कुलपाची किल्ली माझ्याकडे देतात, "तू लाव, मी शटर ओढतो." खाली पडलेला छोटा नट उचलायचा असला की पायाने सरकवून बाकाखाली घालतात. सकाळी पेपर वाचताना त्यांचा उजवा अंगठा पहिल्या बोटाशी आपला आपण काहीतरी चोळत बसलेला असतो, जसं काही एखादी बारीक गोळी करतोय. मी एकदा म्हटलं, "हात दुखतो का? डॉक्टरांना दाखवू या." असे काही उसळले! "माझ्या हाताला काय धाड भरलीय? नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालंय तुझं." आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी लेथवाल्याची गोष्ट सांगणार होते, ती गिळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन आवाज आले, पुन्हा म्हणाले घाई केलीस. मी म्हटलं, हो, केली खरी. माझं ऐकून त्यांचा चेहरा इतका निवांत झाला, की तेव्हापासून मी रोज हो म्हणते. त्यांची पाठ फिरली की लेथवाल्याला बोलावून जोड्या पुन्हा लावून घेते, म्हणून या महिन्यात माल परत आलेला नाही. हे समजतात मी सुधारले.

मला वाटतं, त्यांनाही कुठेतरी कळलंय. तुम्हाला बोलावलंय ते दुकानासाठी कमी आणि त्यासाठी जास्त. तुमच्याबरोबर एक आवाज आला की ते मोकळे होतील, की चला, हात आपला शाबूत आहे, बायकोच घाईची. माझ्याबरोबर जुळलं नाही तर त्याला अर्थ नाही, कारण माझ्या हातावर त्यांचा विश्वास नाही. डॉक्टरांवर तर मुळीच नाही. त्यांचा विश्वास जगात एकाच हातावर आहे आणि तो तुमचा आहे. हे लिहितानासुद्धा मला तुमचा हेवा वाटतोय, वन्सं. माझ्या नवऱ्याला त्याच्या स्वतःच्या हाताबद्दल खरं काय ते पटवायला मला नणंद बोलवावी लागतेय, यापेक्षा आणखी काय व्हायचं राहिलं? पण मी पटवू शकत नाही आणि दिवस वाया घालवायचे नाहीत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, या. दोन महिन्यांचं नंतर बघू, सामान बांधून लगेच या. आल्यावर तुमचा अंगरखा घाला, पाटावर उभ्या राहा, डावीकडे, तुमच्या जागेवर, मी आड येणार नाही. लेथवाल्याबरोबर लावलेली पक्की जोडी मी काढून ठेवीन, तीच दाबा. दोन आवाज आले तर तुम्ही काही समजावू नका, फक्त त्यांचा हात धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन चला, तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत. मी काय पाहिलंय ते मला माहीत आहे. तरी सांगते, तुम्ही दाबाल तेव्हा मी गल्ल्यावर पाठ करून बसेन आणि मनातून एकच मागत असेन, की एकच आवाज येऊ दे. माझंच चुकलेलं निघू दे. मग हे सगळ्या बाजारभर सांगत फिरतील, की छोटी आली आणि जुळलं, बायकोचाच हात वाईट होता. फिरू देत त्यांना. मी त्यांच्या मागून प्रत्येक दुकानात जाऊन सांगेन, हो, माझाच वाईट होता.

वाट बघणारी, तुमचीच,
वहिनी